जरीच्या काठाचा बडग्या

माझ्या हातून आयुष्यात एकच व्यंगचित्र असं झालं, की ते पाहून सारा रस्ता पोट धरून हसला. फक्त लोक हसले ते मी रंगवलेल्या बाजूला नव्हे, मागच्या बाजूला.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या उतरणीची. मी बी. ए. होऊन भंडाऱ्यात रिकामा होतो. रिकाम्या माणसाला गावात दोनच जागा होत्या, पानठेला आणि वाचनालय. वाचनालयात पान लागत नसे, म्हणून मी तिथे बसायचो. तिथे मुंबईचं एक साप्ताहिक टपालाने यायचं, चार दिवस उशिरा. मुंबईला ज्याच्यावर सोमवारी संताप झालेला असे, त्याच्यावर आम्ही शुक्रवारी संतापत असू.

त्यातली चित्रं मला फार आवडायची. पहिल्या चौकटीत रेल्वेतून उतरणारा एक काळा, ढेरपोट्या माणूस. लुंगी नेसलेला, हातात पत्र्याची पेटी. दुसऱ्या चौकटीत तोच माणूस ऑफिसच्या खुर्चीत. तिसऱ्या चौकटीत दाराबाहेर पदवीची गुंडाळी घेऊन उभा असलेला भूमिपुत्र. भूमिपुत्राचं नाक नेहमी तलवारीसारखं सरळ असे. आमच्या वॉर्डात तसलं नाक एकालाही नव्हतं. हा भूमिपुत्र नेमका कुठल्या भूमीचा, ही शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

त्याच वाचनालयात कपाटाच्या तळाशी एका जुन्या वकिलाच्या घरून आलेले विलायती मासिकाचे बांधीव खंड पडले होते. शंभर वर्षांपूर्वीचे. वाळवीने मजकूर खाल्ला होता आणि चित्रं सोडली होती. एका पानावर बोटीतून उतरणारी भुकेली माणसं, तोंडं माकडाची काढलेली. दुसऱ्यावर लांब वेणीचा एक चिनी, त्याला आठ हात, एका हातात इस्त्री, एकात भाजीची टोपली, एकात कोणाची तरी मान. तिसऱ्यावर नुसतं एक प्रचंड तोंड, आणि त्या तोंडात चाललेलं अख्खं शहर. मी मुंबईचं साप्ताहिक त्या खंडाशेजारी उघडं ठेवलं. पेटी तीच. ढेरी तीच. उतरताना पुढे आलेला पायाचा अंगठासुद्धा तोच. शंभर वर्षांत आणि सात समुद्रांत फक्त कापड बदललं होतं.

मला वाटलं, आपण फार मोठा शोध लावला. त्या शोधाचा उपयोग मी काय केला? बोटीतून उतरणारा एक माणूस पातळ कागदावर ट्रेस करून ठेवला. तयार माल होता.

आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तेव्हा एक केरळी गृहस्थ किरायाने राहत. जवाहरनगरच्या कारखान्यात कारकून होते. तिथलं क्वार्टर मिळायला अवकाश होता, म्हणून रोज सकाळी कोपऱ्यावरून कारखान्याची बस पकडत. अंगाने इतके बारीक, की बसमध्ये तीन माणसांच्या सीटवर चौथे म्हणून सहज मावत. वॉर्ड त्यांना मद्रासी म्हणायचा. मद्रास त्यांनी एकदाच पाहिलं होतं, गाडीच्या खिडकीतून. माझी आई त्यांना भाऊ म्हणायची. ती आमच्या बोलीत बोलायची, ते सरकारी हिंदीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचं उत्तम जमायचं.

"भाऊ, भात काहून एवढा मोकळा करता जी? पाव्हणे येऊन राह्यले का?"

"हाँ माताजी, आज बहुत गर्मी है."

दोन वर्षं ते एकटे होते. बायको आणि चार वर्षांची मुलगी गावी. बायको इकडे यायला तयार नव्हती. शेवटी त्या पावसाळ्यात तिचं पत्र आलं. ते त्यांनी मला अंगणात उभं राहून हिंदीत सांगितलं. ती येणार होती, पण आठ दिवसांसाठी. परतीचं तिकीट काढूनच निघणार होती. माणसं बरी वाटली तर ते तिकीट फाडू, नाही तर तुमचे तुम्ही आणि तुमचं ते क्वार्टर. त्यानंतर आमचे भाऊ पंधरा दिवस जमिनीवर नव्हते. खिडकीला पडदा लावला, मुलीसाठी लाकडी बैल आणला, आणि लग्नातला मुंडू पेटीतून काढून स्वतः धुतला. मुंडू म्हणजे त्यांच्याकडे कमरेला गुंडाळायचं पांढरं वस्त्र. याला जरीचा काठ होता. तो नेसूनच ते तिला आणायला जाणार होते.

ती येणार होती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. बांबूच्या कामट्यांची, कागदाकापडाची मोठी बाई, आणि तिच्या मागून तिच्याच मापाचा बडग्या. गावातली रोगराई, नजर, भांडणं सगळी त्यांच्यावर घालायची, 'ईडा पिडा, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडायचं आणि शिवेवर नेऊन जाळायचं. मारबत ही जवळजवळ देवीच. बाया तिला कुंकू लावतात, किरकिऱ्या लेकरांना तिच्या पायाशी लावतात. बडग्याला कोणी कुंकू लावत नाही. त्याच्या गळ्यात पाटी अडकवतात. कधी महागाई, कधी रॉकेलचा काळाबाजार, कधी डास. म्हणजे बडग्या हे आमचं व्यंगचित्रच, फक्त ते चालतं आणि शेवटी जळतं. ही दुसरी सोय वर्तमानपत्रांनी उचलायला हरकत नव्हती.

आमच्या वॉर्डाच्या समितीचे अध्यक्ष एका राइस मिलचे मालक होते. गावातल्या पाच संस्थांचे ते अध्यक्ष होते आणि सहावीचे संस्थापक, कारण तिथे अध्यक्षपद रिकामं नव्हतं. तेही ते साप्ताहिक वाचायचे. त्या वर्षीच्या बैठकीत त्यांनी जाहीर केलं, "औंदाचा बडग्या बाहेरच्या लोकायचा. कारखाना आपल्या जिल्ह्यात अन् खुर्च्यायवर हे! आपल्या वॉर्डातल्या पोरायले काहून नाही घेतलं?"

वॉर्डातल्या तीन पोरांनी लगेच माना हलवल्या. त्यातल्या दोघांनी अर्जच केला नव्हता. घेणार नाहीत हे ठाऊक असल्यावर अर्ज कायले करायचा, हे त्यांचं म्हणणं. तिसरा मी. माझा अर्ज गेला होता, पण परीक्षेच्या दिवशी मी झोपलो होतो. हे सांगण्याची ती जागा नव्हती.

"पण बाहेरचा म्हंजे कोण, हे पक्कं करा," एक म्हातारबुवा म्हणाले. त्यांना फाटे फोडायची खाज होती. "आमचे पूर्वज माळव्यातून आले म्हणतात."

"आमचे काशीकडून. तलाव बांधाले बोलावलं होतं राजानं," दुसरा अभिमानाने म्हणाला.

तिसऱ्याचे तेलंगणातले निघाले. अध्यक्षांचे आजोबा उत्तरेकडून घोड्यावर बसून आले होते आणि घोडा दर वर्षी थोडा उंच होत होता. शेवटी म्हातारबुवा म्हणाले, "वैनगंगाच काय ती आपली." तर मागून कोणीतरी सांगितलं की तीही मध्यप्रदेशातून येते. खरे जुने म्हणावेत असे गोंड होते, आणि त्यांना बैठकीचं बोलावणं नव्हतं.

"ते जुनं आहे," अध्यक्ष म्हणाले. "जुन्याले बाहेरचं म्हणत नाही. ठराव पास." मग माझ्याकडे वळून, "कलाकार, तुम्ही करा तोंड. अन् लुंगी असली पाहिजे, असली! चादर-बिदर गुंडाळू नका."

घरी येऊन मी ट्रेस केलेला कागद अंगणात पसरला आणि चित्र मोठं करायला त्यावर चौकटी आखत बसलो. तेवढ्यात भाऊ बसमधून उतरून आले. कागद लपवायला वेळच मिळाला नाही. ते वाकून पाहत राहिले. माझे कान तापले.

"ये मैं हूँ?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, तसं नाही, ते एक प्रातिनिधिक.

"पेट गलत है," ते म्हणाले. "मेस का खाना खाके इतना पेट किधर से आएगा?" आणि मग हसून, "हमारे उधर भी ऐसा चित्र आता है. उसमें तमिल आदमी रहता है. पेटी यही रहती है."

मला त्या पेटीचं हसू आलं. मग दोघांनाही आवरेना. आई भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली, चित्र पाहून म्हणाली, "हा कोण रे मेला? अध्यक्ष का?" त्यावर आम्ही आणखी हसलो. चित्र मात्र मी बदललं नाही. चौकटी आखून झाल्या होत्या.

भाऊंना चित्राचं काही वाटलं नव्हतं. त्यांना धास्ती पडली ती तारखेची. "उसी दिन? रस्ता कौन सा?"

रस्ता स्टँडवरूनच होता. वरठीच्या स्टेशनवर मायलेकी उतरणार, भाऊंबरोबर बसने स्टँडवर येणार, तिथून रिक्षाने घरी. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "मिरवणूक नऊला निघते. अकराच्या आत बडग्या नदीवर जळून राख. तुमची गाडी दुपारची. वहिनींना धूरसुद्धा दिसणार नाही." मारबत वेळेवर निघते, असं मानणारा गावात त्या दिवशी मी एकटाच होतो.

भाऊंनी विश्वास ठेवला. इतका, की लुंगीचा प्रश्न त्यांनीच सोडवला. "मेरा एक पुराना मुंडू है. दोरी पे सूख रहा है, ले लो. फटा है, जलाने के लायक है."

पोळ्याच्या संध्याकाळी मी दोरीवरून मुंडू काढला. दोरीवर दोन होते. एक चुरगळलेला, दुसरा भाताची पेज घालून कडक केलेला, नीट घडी घालून टाकलेला. बडग्याला कडक बरा, म्हणून मी कडक घेतला. काठ घडीच्या आत होता.

बडग्याचं अंग आम्ही तणसाने, म्हणजे भाताच्या पेंढ्याने भरलं. वरून गोणपाट. दोन डझन रिकामे बोरे अध्यक्षांनी मिलमधून दान दिले होते, आणि हे दान त्यांनी तीनदा जाहीर केलं होतं. प्रत्येक बोऱ्यावर त्यांच्या मिलचा निळा शिक्का, नावगावासकट. शिक्के पुढे आले तर रंगवलेल्या सदऱ्यातून दिसतील, म्हणून मी ते सगळे मागच्या बाजूला घेतले. कमरेखाली तर दोन बाजूंना दोन अगदी बरोबर बसले. मागचं कोण पाहतं, आणि वरून मुंडू येणारच होता.

सकाळी भाऊ दोरीपाशी मुंडू शोधत होते. "माताजी, मेरा कपडा?" आईला वाटलं धोब्याचं विचारतात, तिने सांगितलं मंगळवारी येतो. बस सुटत होती. ते शेवटी ऑफिसच्या पँटवरच वरठीला गेले. हे मला आईने नंतर सांगितलं. मी तेव्हा चौकात बडग्याच्या मिशीला डांबर लावत होतो.

नऊ वाजले. दहा वाजले. अध्यक्ष नागपूरच्या एका पाहुण्याची वाट पाहत होते. मारबतीसमोर फीत बांधून ती पाहुण्याच्या हस्ते कापायची, ही कल्पना त्यांची. दहा वाजता एक सर येऊन गेली. बडग्या भिजला, मारबतीचा पिवळा रंग तिच्या पायाशी उतरला, आणि फीत लोंबायला लागली. पाऊण वाजता अध्यक्षांनी माइकवर स्वतःचा परिचय करून दिला, स्वतःचं स्वागत केलं आणि फीत कापली.

बडग्या उचलायला वॉर्डातलं कोणी पुढे येईना. ओला गोणपाट खांद्याला टोचतो. मग अध्यक्षांनी मिलमधले चार हमाल बोलावले. चौघेही छत्तीसगढचे. बाहेरच्यांना हाकलण्याचा बडग्या अशा रीतीने बाहेरच्यांच्या खांद्यावर निघाला, आणि चौघांपैकी त्याच्या गळ्यातली पाटी वाचता येणारा एकही नव्हता, हे बरंच झालं.

डफडी वाजायला लागली. मी पुढे चालत होतो आणि दर पावलाला स्टँडकडे पाहत होतो. वारा सुटला. मागून अध्यक्षांचा आवाज माइकवर फुटला. "पाहा, पाहा मंडळी! ह्याच्या लुंगीले सोन्याचा काठ! कोणाच्या जिवावर? तुमच्या आमच्या!"

मी वळून पाहिलं. घडी सुटली होती. बडग्याच्या ढेरीखाली हातभर जरीचा काठ उन्हात चकाकत होता. माझे पाय थांबले. तो धुतलेला, पेज घातलेला, लग्नातला मुंडू मी जाळायला नेत होतो.

मी हमालांकडे धावलो. "थांबा, लुंगी सोडा, लुंगी!"

"काबर?" पुढचा हमाल म्हणाला. काबर म्हणजे आमचं काहून, पुस्तकातलं 'का'. तेवढ्यात समोरून, गर्दीत वाट काढत, घंटी वाजवत एक सायकलरिक्षा आली. रिक्षात पत्र्याची पेटी. पेटीवर पाय टेकून चार वर्षांची मुलगी. मुलीच्या एका बाजूला भाऊ, ऑफिसच्या पँटमध्ये, तोंड राखेसारखं. दुसऱ्या बाजूला ती.

रिक्षा बडग्यासमोर अडकली. बडग्याच्या हातातली पेटी आणि खरी पेटी समोरासमोर आल्या. खरी फारच लहान होती.

तिने बडग्याकडे खालून वर पाहिलं, मग वरून खाली. काठावर तिची नजर थांबली. तिने नवऱ्याला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. त्यांनी एक वाक्य उत्तर दिलं. तिने आणखी एक प्रश्न विचारला. त्यावर भाऊ खाली पाहू लागले. मग तिने मुलगी कडेवर घेतली आणि ती रिक्षातून उतरली.

आता आमच्या लोकांना लेकरू कडेवर घेऊन मिरवणुकीकडे येणारी बाई दिसली, की एकच अर्थ कळतो. गर्दी झटकन दुभंगली. "सरका, सरका! बाई पाया पडाले येऊन राह्यली!" एका म्हातारीने तिच्या हातावर कुंकवाची पुडी ठेवली. अध्यक्ष माइकवर गहिवरले. "ताईले रस्ता द्या! पाहा, ही आपली संस्कृती!"

"मारबत तिकडं हाय वो बाई, हा बडग्या होय!" म्हातारी ओरडली. पण ती सरळ बडग्यापाशी गेली. बाई पायाशी आली म्हणून हमालांनी मानाने बडग्या खांद्यावरून उतरवून उभा धरला. तिने मुलगी एका हमालाच्या हातात दिली, कुंकवाची पुडी दुसऱ्याच्या, आणि दोन्ही हातांनी बडग्याच्या कमरेची गाठ सोडली. एका झटक्यात मुंडू बाहेर. ओढीने बडग्या अर्धी गिरकी घेऊन फिरला आणि गर्दीकडे पाठ करून उभा राहिला.

दोन बाजूंना दोन शिक्के. निळे, ठळक, ओले. मिलचं नाव, गाव भंडारा.

मग म्हातारबुवांनी, ज्यांना खाज होती त्यांनी, शांतपणे वाचून दाखवलं. आधी डावीकडचं, मग उजवीकडचं. आणि रस्ता फुटला. माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होती. रिक्षावाला सीटवरून घसरला. पोरांनी नवीन आरोळी धरली, "राइस मिल घेऊन जा गे मारबत!" अध्यक्षांनी माइकवर "शिस्त, शिस्त" म्हणून पाहिलं, पण त्यांना स्वतःलाच उचकी लागली आणि ती दोन कर्ण्यांतून साऱ्या गावाला ऐकू गेली. हमालाच्या कडेवरची मुलगी टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं हे सगळं तिच्यासाठीच केलं आहे.

एकटी ती हसत नव्हती. तिने मुंडूची घडी घातली, मुलगी घेतली, आणि रिक्षात जाऊन बसली. तिकीट फाडायचा विषय आता संपला, असं मला वाटलं.

बडग्या जळला तेव्हा मी नदीवर नव्हतो. मी घरी गेलो. अंगणात भाऊ पायरीवर बसले होते. मी कबुली द्यायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"वहिनी काय म्हणाल्या?"

"पहले पूछा, ये कौन है. मैं बोला, मैं हूँ."

"मग?"

"फिर पूछा, पेट इतना कब हुआ."

खोलीतून ती बाहेर आली. मुंडू माझ्या हातात दिला आणि बोटाने विहीर दाखवली. त्या बोटाला कुठल्याही भाषेची गरज नव्हती. मी धुवायला बसलो. ओल्या गोणपाटाची शाई मुंडूला लागली होती. मागच्या बाजूला मिलचं नाव उलट्या अक्षरांत उमटलं होतं. मी राख लावली, लिंबू लावलं, साबणाची वडी संपवली. ती शेजारी उभी राहून पाहत होती. शेवटी तिने मुंडू उजेडात धरला, उलटी अक्षरं पाहिली, आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू तिच्या तोंडून असं फुटलं, की आई घरातून धावत आली. तिला वाटलं कोणी विहिरीत पडलं.

पण हसणं वेगळं आणि राहणं वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला दारात बोलावलं आणि हनुवटीने दोरी दाखवली. मुंडूशेजारी साड्या वाळत होत्या. एक, दोन, पाच, सहा, मुलीचे झगे, एक चादर. पेटीचा तळ दोरीवर आला होता.

"आठ दिवसायसाठी आलेली बाई एवढे लुगडे भिजवत नाही," आई म्हणाली. "राह्यते."

क्वार्टर वर्षभराने मिळालं. त्यांनी ते घेतलंच नाही. बसने जाणं-येणं बरं वाटतं म्हणाले. ऐंशीच्या दशकात समितीत वेळ सांभाळायला माणूस हवा होता. अध्यक्ष म्हणाले, "भाऊले घ्या, त्यायले तो मुंडू शोभते." भाऊ त्या बैठकीला तोच मुंडू नेसून आले होते. मागची निळी खूण पुसट झाली होती, पण माहीत असणाऱ्याला वाचता येई.

त्या वर्षी त्यांनी ठरवलं, अकरा म्हणजे अकरा. बडग्या अकराला नदीवर पोहोचला. विषय पुन्हा डासच होता, आणि डास बाहेरचे की इथले, हे कोणी काढलं नाही. काठावर आम्ही सातच जण होतो. चार हमाल, मी, भाऊ आणि ती. बाकी वॉर्ड अजून चौकात चहा पीत होता, पाहुण्याची वाट पाहत. समोर नदीपलीकडे, कारधा गावच्या काठावरून एक नावाडी आमच्याकडे बघत उभा होता.

काडीपेटी होती, ओरडायला कोणी नव्हतं. भाऊंनी घड्याळ पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. तिने पदर खोचला आणि त्यांच्या गावच्या सुरात, आमच्या गावच्या शब्दांत, 'ईडा पिडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी नदी ओलांडून जाईल अशी ठोकली. पलीकडच्या नावाड्याने तिला साथ दिली.